रिचर्ड सिब्जचं ‘द ब्रूज्ड रीड’ : विश्वास डळमळलेल्यांच्या हाती द्यावं असं पुस्तक

पुस्तक लहान आहे. नावाचा अर्थ ‘चेपलेला बोरू’. सोळा प्रकरणं, सव्वाशेच्या आसपास पानं, पर्समध्ये सहज बसतं. लेखक रिचर्ड सिब्ज, इंग्लंडमधला प्युरिटन उपदेशक. मूळ छपाई १६३० सालची. माझ्याकडे आहे ती एडिंबरोच्या बॅनर ऑफ ट्रुथ प्रकाशनाची ‘प्युरिटन पेपरबॅक्स’ मालेतली प्रत. ऑनलाइन मागवली, कोल्हापुरात घरपोच आली. पाकिटात पुठ्ठा न घातल्याने कव्हरचा एक कोपरा दुमडून आला, पण शिवण-चिकटवण पक्की निघाली. इतक्या वेळा उघडूनही पान सुटलेलं नाही.

कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. विश्वास सोडलेला नाही, पण आत काहीतरी विझत चाललंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. रविवारी उपासनेला जायचं, ‘उपासना संगीत’ उघडून सगळ्यांबरोबर गायचं, आणि मन मात्र दगडासारखं. आणि अशा माणसांशेजारी बसायचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्यासाठीही. मी या दुसऱ्या गटातली. माझं नर्सिंगचं शिक्षण मिरजेला मिशन हॉस्पिटलात झालं, सगळी नोकरी वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, आजारी आणि दुःखी घरांना भेटी द्यायचं काम अंगावर घेतलं. रुग्णाला काय द्यायचं ते केसपेपरवर लिहिलेलं असायचं. इथे तसं काही नसतं. समोरचा माणूस म्हणतो, ‘देवाने मला टाकलंय,’ आणि आपल्याला काहीतरी बोलावं लागतं. अशा वेळी हे पुस्तक माझ्या कामी आलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगावंसं वाटतं.

प्युरिटन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळे कपडे घातलेली, कपाळाला आठ्या असलेली माणसं येतात. सोळाव्या-सतराव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडची सुधारणा अजून पुढे गेली पाहिजे म्हणणारे हे लोक. शिस्तीचे कडक होते, यात शंका नाही. पण त्यांच्या कामाची एक बाजू फार थोड्यांना माहीत असते. खचलेल्या विश्वासणाऱ्याला धीर देणं हे ते उपदेशकाचं मुख्य काम मानत, आणि त्यावर त्यांनी जितकं बारकाईने लिहिलं तितकं माझ्या वाचनात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. निराशा कशातून आली हे ते आधी विचारतात. मोठ्या पापाच्या आठवणीतून? संकटातून? प्रार्थनेला उत्तर न मिळाल्याने? की शरीरच थकलंय म्हणून? कारण वेगळं तर बोलणंही वेगळं.

सिब्ज १५७७ चा. सफक परगण्यातल्या टॉस्टॉक गावचा, गाड्यांची चाकं बनवणाऱ्याचा मुलगा. केंब्रिजला शिकला, तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये उपदेश करू लागला. १६१७ पासून लंडनला ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत त्यांच्यापुढे बोलायचा आणि १६२६ मध्ये केंब्रिजच्या सेंट कॅथरीन्स हॉल या कॉलेजचा मुख्य झाला. लग्न केलं नाही. १६३५ मध्ये वारला. इंग्रज चरित्रकार आयझॅक वॉल्टनने त्याच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्यात, त्यांचा भाव असा, की हा माणूस स्वर्गात जाण्याआधी स्वर्ग त्याच्यात होता. पुस्तक वाचताना हे खरं वाटतं. त्याच्या आवाजात घाई नाही.

सगळं पुस्तक एकाच वचनावर उभं आहे. बायबलमधल्या यशयाचा बेचाळिसावा अध्याय, तिसरं वचन : ‘चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही.’ मत्तयाने बाराव्या अध्यायात हेच वचन येशूला लावलंय. एवढ्या एका ओळीवर सोळा प्रकरणं कशी होतील, असं मला आधी वाटलं होतं. पण तो प्रत्येक शब्दापाशी थांबतो, आणि थांबतो तो वाचणाऱ्याकडे बघत.

वातीची प्रकरणं, म्हणजे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची, पुस्तकाचा गाभा आहेत. मिणमिणत्या वातीत उजेड थोडा असतो, तोही धुरात मिसळलेला. देवाची कृपा माणसात सुरुवातीला अशीच असते, सिब्ज म्हणतो : थोडी, आणि बऱ्याच घाणीत मिसळलेली. ख्रिस्त धुराला कंटाळून वात चिमटीत धरत नाही. आता हे ऐकायला साधं वाटेल. पण इथून तो एक गोष्ट काढतो, जी मी तोवर कुणाकडून ऐकली नव्हती. अनेकांना वाटतं, पूर्वी मला स्वतःच्या आतली घाण इतकी दिसत नव्हती, आता सारखी दिसते, म्हणजे मी आधीपेक्षा वाईट झालो. सिब्ज म्हणतो, उलट आहे. ती दिसते जास्त, पण आहे कमी. खोलीत उन्हाची तिरीप आली की धूळ तरंगताना दिसते, ती तिरीप यायच्या आधीही तिथेच होती. ज्याला स्वतःचा धूर खुपतो, त्याच्या आत उजेड पोचलाय.

मी वॉर्डात आयुष्य काढलेली बाई, त्यामुळे मला हे माझ्या पद्धतीने समजलं. मनगटावर बोटं ठेवली आणि नाडी अगदी क्षीण लागली, तरी ‘नाडी नाही’ असं कुणी चार्टवर लिहीत नाही. क्षीण असली तरी ती नाडीच, आणि ती लागली की सगळी धावपळ सुरू होते. सिब्जचं सगळं लक्ष त्या बोटांखालच्या हालचालीवर आहे. विश्वास किती जोरकस आहे हे तो विचारतच नाही. आहे का, एवढंच बघतो.

आमच्या मंडळीतल्या एका मावशींचं सांगते. २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा तरणाताठा मुलगा गेला. त्यानंतर घरी प्रार्थनेला आलेल्या एका बाहेरगावच्या उपदेशकाने सगळ्यांसमोर सांगितलं, की घरातल्यांचा विश्वास उणा पडला, नाहीतर प्रभूने त्याला राखलं असतं. हे वाक्य त्या बाईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. उपासनेला येणं बंद झालं. मी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होत्या. मीही चार कुड्या पुढ्यात ओढल्या. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, “सिस्टर, प्रार्थनेला बसलं की तोंडच उघडत न्हाई बघा. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं की राग येतोय. माझ्यात विश्वास हाय का न्हाई, माझं मलाच कळंना झालंय.”

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि धुराचा तो भाग जमेल तसा मराठीत सांगत गेले. त्यांनी मधेच हात थांबवला. “धूर हाय म्हंजे खाली इस्तू असंल न्हवं?” मी म्हटलं, असंच लिहिलंय बघा मावशी. मग आठव्या प्रकरणाच्या आसपासचं एक वाक्य सांगितलं, की देव गोंधळलेल्या प्रार्थनेतूनसुद्धा अर्थ वेचून घेऊ शकतो. हे त्यांनी परत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, लिहून द्या. कालनिर्णयचं जुनं पान होतं, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. पान घडी घालून पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये ठेवलं त्यांनी. त्या दिवशी आम्ही प्रार्थना केली नाही. लसूण संपवला, चहा घेतला आणि मी निघाले. पुढे काही आठवड्यांनी त्या उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. अजूनही मागेच बसतात. त्यांचा राग गेलाय असं मी म्हणणार नाही. पण राग येतो म्हणून आपण देवाच्या राहिलो नाही, हे त्यांच्या डोक्यातून निघालंय.

म्हणूनच पाळकांनी आणि उपदेशकांनी पाचवं प्रकरण वाचावं, हे मी आग्रहाने सांगते. सिब्ज तिथे आपल्याच व्यवसायातल्या लोकांना बजावतो : पट्टी इतकी उंच धरू नका, की कितीतरी चांगल्या ख्रिस्ती माणसांच्या अनुभवात नसलेल्या गोष्टी तुम्ही कृपेचा पुरावा म्हणून मागू लागाल. नवख्यांशी आणि दुबळ्यांशी बोलताना जपा. त्याच ओघात तो मंडळीला सार्वजनिक रुग्णालय म्हणतो. इथला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या आत्मिक दुखण्याने आजारीच आहे, तेव्हा एकमेकांशी शहाणपणाने आणि सौम्यपणे वागा. हे वाक्य आमच्या नर्सेस क्वार्टर्सच्या भिंतीवर असायला हवं होतं. वॉर्डात एका कॉटवरचा रुग्ण शेजारच्याला ‘तू का आजारी पडलास’ म्हणून दटावत नाही. मंडळीत मात्र सर्रास चालतं.

कोल्हापूरच्या मंडळीला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. मिशनरी रॉयल वायल्डर इथे १८५२ मध्ये आले, आणि १८७० पासून हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आलं. प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा जो विश्वासाचा जाहीरनामा, तो वेस्टमिन्स्टरचा, १६४० च्या दशकात इंग्लंडमधल्या प्युरिटन पंडितांनीच घडवलेला. त्याचं अठरावं प्रकरण तारणाच्या खात्रीबद्दल आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय, की खरा विश्वासणारा असूनही माणसाला ही खात्री लगेच मिळेलच असं नाही. त्याला पुष्कळ वाट पाहावी लागेल, अनेक अडचणींशी झगडावं लागेल. म्हणजे ज्या घराण्याचे आपण, त्या घराण्याच्या कागदपत्रांत हा दिलासा पहिल्यापासून लिहिलेला आहे. विश्वास वेगळा आणि विश्वासाची खात्री वेगळी, ही फोड आपल्या उपदेशांतून हल्ली कितीदा ऐकू येते? मला आठवून आठवून सांगावं लागेल.

पुस्तकाचा परिणाम कसकसा झाला याच्या दोन हकिकती प्रसिद्ध आहेत. रिचर्ड बॅक्स्टर पुढे मोठा प्युरिटन लेखक झाला. तो पंधराएक वर्षांचा असताना दारावर एक गरीब फेरीवाला आला, त्याच्याकडून वडिलांनी हे पुस्तक विकत घेतलं. देवाची प्रीती आपल्यापुढे त्याने उलगडली, असं बॅक्स्टर सांगतो. दुसरी विसाव्या शतकातली. लंडनचे उपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स मुळात डॉक्टर होते. कामाच्या ओझ्याने फार थकलेले असताना सिब्ज आपल्या जिवाला मलमासारखा लागला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. डॉक्टरने थकवा हा शब्द वापरला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. झोप उडालीय, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं माणूस बोलतोय, अशा वेळी पुस्तक देऊन परत येऊ नका. त्याला डॉक्टरकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. असं केल्याने विश्वास कमी ठरतो असं कुणी म्हणालं, तर त्यांना सांगा की प्युरिटनांचंही तसं मत नव्हतं. याच बॅक्स्टरने खिन्नतेच्या आजारावर एक लांबलचक उपदेश लिहिलाय. त्यात तो सांगतो, की अशा माणसाला एकटं राहू देऊ नका, त्याच्यावर लांब चिंतनं लादू नका, त्याला काहीतरी कामात ठेवा, आणि औषधोपचार टाळू नका. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही सूचना मी वॉर्डात नातेवाइकांना जशीच्या तशी देत आले, कुणाची आहे हे ठाऊक नसताना.

आता पुस्तकाच्या खटकणाऱ्या बाजू. पहिलं प्रकरण सुरुवातीलाच नव्याने दुःखात पडलेल्याच्या हाती देऊ नये. त्यात सिब्ज चेपलं जाणं का गरजेचं असतं ते सांगतो. गर्व उतरावा म्हणून, आणि बोरूला आपण बोरू आहोत, ओकचा वृक्ष नाही, हे कळावं म्हणून. त्याचं म्हणणं मला पटतं. स्वतःकडे मागे वळून बघताना ते खरंही ठरतं. पण ज्याची जखम उघडी आहे त्याला ते वाक्य शिक्षेसारखं ऐकू येईल. त्याला दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करू द्या. आपल्यात जितकं पाप आहे त्याहून ख्रिस्तात दया जास्त आहे, हे वाक्य तिथेच भेटतं. त्याचा एक प्रश्नही लक्षात ठेवण्यासारखा : झऱ्यापेक्षा ओढ्यात दया जास्त असेल का? आपल्या मनात दुसऱ्याबद्दल जी कणव येते ती देवाने घातलेली, मग ज्याने ती घातली त्याच्याकडे ती कमी कशी?

अकराव्या प्रकरणापासून पुढे मजकूर जड होतो. वचनाचा उरलेला भाग, म्हणजे ख्रिस्त न्याय विजयास नेईल तो, त्यावर ही प्रकरणं आहेत. विषय चांगला, पण वाक्यं लांबत जातात आणि तेच मुद्दे फिरून येतात. मी ती रोज दोन-तीन पानं अशी संपवली. रोमन कॅथलिकांबद्दल त्या काळच्या भांडणातले बोचरे उल्लेखही मधूनमधून आहेत. माझ्याबरोबर ड्युटी केलेल्या केरळच्या कॅथलिक सिस्टर माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी. त्यांना वाचून दाखवताना मी ती वाक्यं सोडते, आणि सोडल्याने दिलाशात काही उणं पडत नाही.

इंग्रजी जुनं आहे. या आवृत्तीत शब्द थोडे सोपे केलेत, तरी बारावी झालेल्या मुलीलाही सलग वाचायला कष्ट पडतील. माझ्या भाचीने प्रयत्न केला आणि दहा पानांवर थांबली. शेजारच्या काकूंचा किस्सा मात्र वेगळा. त्या वारकरी घरातल्या, इंग्रजी येत नाही. मी गच्चीवर बसून त्यांना थोडं मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, हे आमच्या तुकोबांच्या करुणापर अभंगांच्या जवळचं आहे गं, तिथंही असंच, मी वाईट आहे पण तुझाच आहे. त्यांना ते इतक्या चटकन भिडलं यावरून मला वाटतं, की कुणी चांगल्या मराठीत हे उतरवलं तर चर्चच्या बाहेरही वाचलं जाईल. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणाऱ्या जॉन बनयनला हरि केशवजींनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणलं होतं. सिब्जचीही तीच योग्यता आहे.

याच जातीची आणखी पुस्तकं मागवायची असतील तर माझं मत असं. विल्यम ब्रिजचं ‘अ लिफ्टिंग अप फॉर द डाउनकास्ट’ सिब्जच्या खालोखाल. बेचाळिसाव्या स्तोत्रावरचे, ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ यावरचे तेरा उपदेश, १६४८ च्या सुमाराचे. खिन्नतेची एकेक कारणं घेऊन तो बोलतो. त्यात एक उपदेश आहे, आपण आता देवाच्या कामाचे उरलो नाही असं वाटणाऱ्यांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या आणि निवृत्त झालेल्या माणसांना तो जरूर वाचून दाखवा. मला स्वतःला निवृत्तीच्या पहिल्या वर्षी तो फार हवा होता. थॉमस गुडविनचं ‘अ चाइल्ड ऑफ लाइट वॉकिंग इन डार्कनेस’ खोल आहे, पण ते अभ्यासूंसाठी, दुःखात असलेल्यासाठी नाही. बनयनचं आत्मकथन ‘ग्रेस अबाउंडिंग’, १६६६ चं, गोष्टीसारखं वाचता येतं. बेडफर्डमध्ये उन्हात दारात बसून देवाबद्दल बोलणाऱ्या तीन-चार गरीब बाया त्याला भेटतात, तो प्रसंग आपल्या गल्लीतला वाटतो. पण त्याच्या मनातली भीती इतक्या जवळून येते, की आधीच घाबरलेल्याला सोसणार नाही.

घ्यायचं झाल्यास छापील प्रतच घ्या. सिब्जचा मूळ मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो, त्याच्या समग्र लेखनाचे एकोणिसाव्या शतकातले ग्रोसार्टने संपादित केलेले सात खंडही तिथे आहेत. पण अशा घरी फोनच्या स्क्रीनवरून वाचून दाखवलं, की ऐकणाऱ्याचं लक्ष लागत नाही. मधेच कुणाचा तरी मेसेज येतो. पुस्तक असलं तर पेन्सिलने खूण करता येते, पान दुमडून ठेवता येतं, आणि उठताना त्यांच्याकडे ठेवून येता येतं. माझी दुसरी प्रत सध्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नवऱ्याला घेऊन असलेल्या आमच्या मंडळीतल्या एका बाईकडे आहे. तिला इंग्रजी येतं. तिला दुसरं, तिसरं आणि आठवं प्रकरण वाचायला सांगितलंय, बाकीचं घरी गेल्यावर.